खान्देशातल्या भाजलेल्या हातांसाठी वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. पत्र माझ्या मावशीच्या हाताबद्दल आहे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात. सैलसर कणकेत पुरण भरायचं, उंडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. मावशीचा मांडा कधी फाटला नाही. चार वर्षांपूर्वी चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवताना तिच्या साडीच्या पदराने पेट घेतला आणि तो विझवताना उजवा हात होरपळला. जवळच्या दवाखान्यात दिवसाआड पट्टी बदलली, जखम सुकली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण भाजलेली कातडी भरताना आकसते. बोटं सरळ ठेवायला पहिल्या दिवसांतच पट्टी-फळी बांधावी लागते, हात रोज हलवून घ्यावा लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तीन महिन्यांत चार बोटं तळव्याला चिकटली. ‘मना हात वाकडा व्हयी गया,’ एवढंच ती म्हणाली, आणि पदराखाली हात झाकून बसू लागली. पुढे रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. व्रण कापून मांडीची कातडी लावली, तेव्हा बोटं अर्धी उघडली.

तिथल्या वॉर्डात बसून मी प्लास्टिक सर्जरीच्या या शास्त्राबद्दल वाचायला लागले आणि दोन बायकांपाशी थांबले.

सुझान नोएल फ्रान्सच्या. लग्नानंतर त्यांनी डॉक्टरकी शिकायला घेतली. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करता करता हे काम त्यांच्या हाती बसलं. सौंदर्य-शस्त्रक्रियेला सामाजिक काम आहे, हे मांडणारं पुस्तक त्यांनी 1926 साली लिहिलं. चेहऱ्यापायी बाईची नोकरी जाते हे त्यांनी पाहिलं होतं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांची हौस, असं आजही आपल्याकडे बोललं जातं. मला त्याचा मनापासून राग येतो.

दुसऱ्या अल्मा डी मोरानी. शिल्पकाराची मुलगी, स्वतःही शिल्पं घडवायच्या. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री त्याच. 1948 साली त्यांनी फिलाडेल्फियात हातांवरच्या उपचारांचं केंद्र सुरू केलं. कुठे? ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तिथेच. मोरानीही तिथूनच 1931 साली शिकून बाहेर पडल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मावशी शेजारी उजवा हात उशीवर उंच ठेवून झोपली होती. मी तिला उठवून सांगितलं.

साहेब, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इमारती उभ्या राहिल्या, आता माणसं द्या. तिन्हीकडे प्लास्टिक सर्जनचं पद मंजूर करून ते भरलेलं राहील असं पाहा. त्याच छताखाली हाताचे व्यायाम करून घेणारी आणि फळी बांधून देणारी व्यक्ती हवी. शस्त्रक्रियेपेक्षा हे स्वस्त आहे, आणि मावशीच्या बाबतीत तेवढ्यानेही बरंच वाचलं असतं.

यातली निदान काही पदं बायकांकडे असावीत असं मला वाटतं. भाजलेली छाती, मांडी पुरुष डॉक्टरला दाखवायला आमच्या बाया आजही कचरतात. तपासणी टाळतात आणि व्रण आवळत जातो.

पण त्या डॉक्टर येणार कुठून? बारावीनंतर एमबीबीएस, मग शस्त्रक्रियेतली एमएस, मग प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच, म्हणजे साडेअकरा वर्षं. माझ्या वर्गातल्या हुशार मुलीच्या घरी त्याच्या आतच स्थळं बघायला सुरुवात होते. एमसीएच करणाऱ्या खान्देशी मुलींना शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय द्या, त्यांच्या बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, वर्षं याच तीन जिल्ह्यांत ठेवा. लग्नानंतर शिकायचं म्हणाल्या तरी दार बंद करू नका. सुझान नोएल तशाच शिकल्या.

यंदा आखाजीला मांडे मावशीच्या सुनेने केले. मावशी खापराशेजारी बसली होती. डाव्या हाताने कणीक दाबून बघत ती सांगत होती, अजून थोडं पाणी लाव.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
अमळनेर तालुका, जि. जळगाव