होडीला हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

अंगणात बांधलेली आमची लाकडी होडी कृष्णेत उतरली. ज्यांच्यामुळे उतरली, त्यांपैकी बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठं ऋण सांगलीवाडीच्या वयस्कर नावाड्याचं. मामा, फळ्यांच्या सांध्यात बारीक फट दिसली की नवखा माणूस ती लगेच गच्च बुजवायला धावतो. तुम्ही हात धरलात. सुकं लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कोरडा सांधा ठासून भरला तर फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि ती खिळ्यांवरून उचलली जाते. हे तुम्ही तुमच्याच पहिल्या होडीची उचकटलेली फळी समोर ठेवून समजावलंत. स्वतःची चूक इतक्या मोकळेपणानं दाखवणारा गुरू मला दुसरा भेटला नाही.

मिरजेच्या वखारीतल्या दादांनी ओलं सागवान विकायला चक्क नकार दिला, गिऱ्हाईक हातचं जात असतानाही. लोखंडी खिळे गंजून भोवतीचं लाकूड नासवतात, तांब्याचेच घ्या, असं फोनवर बजावणाऱ्या मालवणच्या ताई, आणि पावसाळी दमट हवेत इपॉक्सी, म्हणजे लाकडाला लावायची चिकट कृत्रिम राळ, लावू न देणारे शेजारचे काका, तुम्हालाही मनापासून धन्यवाद.

2019 च्या महापुरात आमच्या दारापर्यंत होडी आणणारेही अनोळखीच होते. होडी बांधायचं मनात आलं ते तेव्हा.

होडी हरिपूरच्या संगमाजवळ असते. यांपैकी कुणीही या, वल्हं तुमच्या हाती देईन.