छोट्या कारखान्यातली सुरक्षा फाइलीत अडकते

महोदय,

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात सुरक्षिततेचा कार्यक्रम बहुधा एका जाड फाइलीच्या रूपाने येतो. मोठ्या कंपनीची नियमावली कुणीतरी आणून देते, वरचे नाव बदलले जाते, भिंतीवर फलक लागतात आणि हेल्मेटे वाटली जातात. त्या फाइलीत सुरक्षा अधिकारी, समित्या, तिमाही आढावे असे सगळे असते. प्रत्यक्षात खरेदी, उत्पादन आणि पगार एकटा मालकच बघतो. समितीवर बसायला माणसे कुठून आणणार? आयएसओ ४५००१ हे कामाच्या जागच्या सुरक्षा-व्यवस्थापनाचे २०१८चे मानक कोणत्याही आकाराच्या संस्थेला वापरता येते, हे खरे. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणून पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसखाली हात जायचा थांबत नाही.

छोट्या जागेचा एक मोठा फायदा मात्र कुणी वापरत नाही. सकाळी दिसलेली चूक मालकाने मनावर घेतली, तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊ शकते. म्हणून सुरुवात फेरीने करावी. मालक, सुपरवायझर आणि त्या यंत्रावरचा ऑपरेटर अशा तिघांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरावे आणि प्रत्येक यंत्रापाशी विचारावे : इथे हात कधी आत जातो? ऑपरेटरला उत्तर ठाऊक असते. साफसफाई करताना, अडकलेला जॉब (घडवायचा तुकडा) काढताना, डाय (आकार देणारा साचा) बदलताना. नियमावली नेमक्या याच वेळांबद्दल गप्प असते.

बेंच ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासायचे यंत्र, घ्या. टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, चाकाच्या झाकणाच्या वरच्या पट्टीपाशी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजते, फट वाढते, रेस्ट पुढे सरकवायचे कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग जॉब त्या फटीत ओढला जातो आणि कधी बोट जाते, कधी चाकच फुटते. हे अंतर यंत्र बंद करूनच लावायचे. नवे चाक बसवण्याआधी ते बोटावर किंवा दांडीवर टांगून लाकडी मुठीने हलके ठोकावे. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजून ते बाजूला काढावे. चाकावर छापलेला कमाल वेग स्पिंडलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) वेगापेक्षा कमी असेल, तर ते चाक बसवायचेच नाही. या सगळ्याला लागतात पाच मिनिटे आणि एक पाना.

यंत्राचे गार्ड (संरक्षक झाकण) काढून ठेवले म्हणून कामगाराला दंड करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. चार बोल्ट सोडल्याशिवाय साफसफाई होत नसेल, तर ते गार्ड आठवड्याभरात कोपऱ्यात जाऊन पडणारच. त्याला बिजागरी लावा आणि ते उघडताच यंत्र थांबेल असा लिमिट स्विच बसवा. स्विच तारेने बांधलेला दिसला, तर जॉब वारंवार का अडकतो ते आधी शोधा. प्रेसला दोन्ही हातांची बटणे (दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालावी अशी) असतील, तर एक बटण पाचर मारून दाबून ठेवल्यावरही प्रेस चालते का, हे तपासावे. चालत असेल तर सर्किट बदलावे लागेल, सूचनेचा फलक लावून भागणार नाही.

दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच नुसता बंद करून चालत नाही. यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप हवे आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात हवी. कुलूप लावल्यावर सिलिंडरमधली हवा सोडायची, वर उचललेला भाग खाली टेकवायचा किंवा अडकवायचा आणि शेवटी स्टार्ट बटण दाबून यंत्र खरोखर मेले आहे ना, याची खात्री करायची. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते. चुकीचा ब्रेकर बंद केला असेल तर तो इथेच सापडतो.

हातमोजे, मास्क, गॉगल ही यादी बहुतेक जण पहिल्यांदा खरेदी करतात. तिची पाळी शेवटी यायला हवी. ड्रिल मशीनवर हातमोजा घातला तर फिरता बिट तो पकडतो आणि हात आत खेचतो. धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी मास्कला वाफ शोषणारे योग्य कार्ट्रिज लागते. आणि दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्कही कडेने गळतो. आवाजाचेही तसेच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे धरावे. आठ तासांच्या पाळीसाठी ८५ ही शिफारस केलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. इअरप्लग वाटण्याआधी सैल पत्रा आवळावा, गळणारी एअरलाइन दुरुस्त करावी.

नोंदींसाठी एक पान पुरे : धोका, उपाय, जबाबदार माणूस, तारीख. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ हे वाक्य उपायाच्या रकान्यात दिसले की ते खोडावे. ‘अपघातमुक्त महिन्या’चा बोनस तर बंदच करावा. त्याने जखमा कमी होत नाहीत, चिंधी बांधून लपवल्या तेवढ्या जातात. आणि कंत्राटी व नवे कामगार या पानाबाहेर राहू नयेत. पहिल्या काही आठवड्यांत धोका सर्वांत जास्त असतो आणि नेमके तेव्हाच त्यांना ‘बघून शिक’ म्हणून सोडले जाते.

एक मागणी मोठ्या कंपन्यांकडे. छोट्या पुरवठादारांकडून त्या लांबलचक सुरक्षा-प्रश्नावल्या भरवून घेतात. त्याऐवजी आपला मेंटेनन्स इंजिनीअर वर्षातून अर्धा दिवस त्यांच्याकडे पाठवावा, आवाज मोजायचे यंत्र वापरायला द्यावे आणि डाय बदलायला लागणारा वेळ डिलिव्हरीच्या तारखेत धरावा.

— एक औद्योगिक सुरक्षा प्रशिक्षक