मार्चएंडची वाट पाहू नकोस

सातपूर, नाशिक
4 फेब्रुवारी

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मार्चएंड आणि ऑडिट एकदा उरकलं की एक एप्रिलपासून रजा टाकते." मी त्यावर काही बोललो नाही. तू कंपनीच्या बसमध्ये होतीस, आजूबाजूला लोक होते, आणि हा विषय दोन वाक्यांत संपणारा नाही. म्हणून लिहितोय. सावकाश वाच आणि अमोलरावांनाही वाचायला दे.

माझं म्हणणं असं आहे की रजा 17 मार्चपासून घे. एप्रिलपर्यंत ताणू नकोस. नोकरी सोड असं मी कधीच म्हणणार नाही. ती तू शिकून, मेहनतीने मिळवली आहेस आणि बाळ झाल्यावरही ती तुझीच राहिली पाहिजे. पण रजा कधी सुरू करायची, हे ऑडिटच्या वेळापत्रकावर ठरू नये.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी कंपनीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि रजांचा हिशोब ठेवण्यात गेली. बायकांचे बाळंतपणाच्या रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जायचे. जवळजवळ प्रत्येक अर्जावरची तारीख डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अगदी चिकटून असायची. काही जणी तर अर्ज देऊन पुन्हा लाइनवर जाऊन उभ्या राहायच्या. त्यांचं कारण मला समजायचं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात रजा होती 12 आठवड्यांची. आधी घेतलेला एकेक आठवडा नंतरच्या बाळाजवळच्या दिवसांतून जायचा. तुझ्या आईनेही तसंच केलं. पोट घेऊन ती शेवटपर्यंत पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहिली, आणि कामावर परत हजर झाली तेव्हा तू तीन महिन्यांचीही नव्हतीस. दुपारी दूध दाटून यायचं, पदर ओला व्हायचा आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं.

आता तशी वेळ नाही. 1 एप्रिल 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि त्यातले 8 आठवडे प्रसूतीच्या अंदाजे तारखेच्या आधी घेता येतात. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. तुझं ते कधीच झालंय. तुझी तारीख 14 एप्रिल, म्हणजे कायद्याने तू 17 फेब्रुवारीपासूनही घरी बसू शकतेस. मी तेवढं सांगत नाहीये. फक्त हिशोब मांडतो.

1 एप्रिलला रजा सुरू केलीस तर 30 सप्टेंबरला हजर व्हायचं. 17 मार्चला केलीस तर 15 सप्टेंबरला. फरक पंधरा दिवसांचा. हे पंधरा दिवस मागे ठेवावेत असं तुला का वाटतं, तेही मी जाणतो. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यायचं असतं, आणि 26 आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. एक दिवसही आधी खर्च करू नये असं वाटणं आईच्या मनाला धरूनच आहे. पण तुझ्या खात्यावर पीएल, म्हणजे साठलेली हक्काची रजा, शिल्लक आहे, दिवाळीत तूच म्हणाली होतीस. ती पीएल सप्टेंबरला जोडून मागता येईल का, हे एचआरला आत्ताच विचार. पंधरा दिवस तिथे भरून निघतील. बाळंतपणामुळे किंवा वेळेआधीच्या प्रसूतीमुळे आजारपण आलं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्याची भरपगारी रजा कायद्यातच आहे. ती कुणी आपणहून सांगत नाही, मागावी लागते. तशी वेळ येऊ नये, पण माहीत असू दे.

17 मार्चच का, तर त्या दिवशी तुझे 36 आठवडे पूर्ण होतात. तिथून पुढे तपासणी दर आठवड्याला असते. 24 मार्चला 37 आठवडे भरतील, आणि त्यानंतर बाळ कधीही आलं तरी ते वेळेवरच आलं असं डॉक्टर धरतात. 14 एप्रिल हा अंदाज आहे. नेमक्या दिलेल्या तारखेला फार थोडी बाळं येतात. आता तूच विचार कर, 38 आठवड्यांचं पोट घेऊन 31 मार्चला तू जेलरोडहून अंबडला निघालीस आणि द्वारका सर्कलला बस अडकली. तिथे साध्या दिवशीही किती वेळ जातो, हे तुला वेगळं सांगायला नको. पाणी जायला किंवा कळा यायला तो चौक ही जागा नव्हे.

म्हणूनच तुझी आई आणि मी ठरवलंय की मार्च लागला की तू सातपूरला यावंस. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथून अंबडही जवळ आणि तू नाव घातलेला गंगापूर रोडचा दवाखानाही जवळ. दोन्हीकडे जाताना द्वारका लागत नाही. मार्चचे पहिले दोन आठवडे मी तुला गाडीने सोडीन आणि आणीन. स्कूटी आजपासून बंद, अगदी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा. गाडीत सीट बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर यायला हवा आणि वरचा छातीवरून. पोटावर पट्टा येऊ द्यायचा नाही. सासूबाईंशी तू आधी बोल, मग मी फोन करीन. त्यांनी या महिन्यांत तुझी पोटच्या मुलीसारखी काळजी घेतलीय, त्यांना परस्पर ठरवल्यासारखं वाटायला नको.

दुसरी गोष्ट उद्याच करायची आहे. प्रसूतीच्या तारखेआधीचे सहा आठवडे, आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा खूप वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. 14 एप्रिलपासून मागे मोज. तुझ्यासाठी हा काळ 3 फेब्रुवारीला, म्हणजे कालच सुरू झाला. तू इन्स्पेक्शन टेबलाशी तासन्‌तास उभी असतेस आणि संध्याकाळी चप्पल पायात जात नाही इतके पाय सुजतात, हे आईने मला सांगितलं. तर उद्या सुपरवायझरला खुर्ची माग, बसून करायचं कागदी काम माग. थिनरने, ॲसिटोनने पार्ट पुसण्याचं काम दुसऱ्याला द्यायला सांग. सांगताना आवाज खाली नेऊ नकोस. तू कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीयेस. आमच्याकडे अनेक बायका हे मागायला लाजायच्या. मागणी केली तरच हा नियम लागू होतो, आणि त्या मागायच्याच नाहीत.

रजेचा अर्ज तोंडी नको. मी मसुदा देतो, हवा तसा बदल:

"मी गरोदर असून प्रसूतीची अंदाजे तारीख 14 एप्रिल आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दिनांक 17 मार्चपासून मी मातृत्व रजेवर जात असून या काळात अन्य कोठेही काम करणार नाही. रजेच्या काळातील लाभाची रक्कम नियमाप्रमाणे माझ्या खात्यात जमा करावी."

मेल कर आणि कागदही दे. कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घे, ती प्रत घरी ठेव. प्रसूतीच्या आधीच्या काळाची रक्कम आगाऊ द्यायची असते, आणि उरलेली बाळ झाल्याचा दाखला दिल्यावर 48 तासांत. कंपनी महिन्याच्या महिन्याला पगार चालू ठेवत असेल तर तेही चांगलंच, पण काय करणार ते लेखी घे. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, हेही कायद्यात आहे. आणखी एक विचारून ठेव, पाळणाघराचं. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा आईला तिथे जाता आलं पाहिजे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन जादा सुट्ट्याही असतात. सप्टेंबर आत्ता लांब वाटतो. पण रजा संपत आल्यावर ही विचारणा करायला वेळही नसतो आणि बळही.

राहिलं ऑडिट. तुझ्याशिवाय अडेल असं तुला वाटतं, कारण तू मन लावून काम करतेस. त्याचा मला अभिमान आहे. पण ऑडिटर रेकॉर्ड बघतो. कोणत्या गेजचं (मापाच्या साधनाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी आहे, कोणत्या तक्रारीचं उत्तर बाकी आहे, कोणती फाइल कुठे आहे, हे याच महिन्यात लिहून काढ. ज्याच्याकडे काम जाणार त्याला शेजारी बसवून दोन आठवडे त्याच्याच हातून करून घे. 17 मार्चनंतर एखादा फोन आला तर घे. लॅपटॉप मात्र घरी आणायचा नाही.

आता तब्येतीचं. हे तुला डॉक्टर सांगतातच, तरी बापाला राहवत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको. चहावर तुझा किती जीव आहे, मला माहीत आहे, पण हिमोग्लोबिन 11 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. झोपताना कुशीवर झोप, डाव्या कुशीवर झोपलीस तर उत्तमच. बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष दे. जेवण झाल्यावर कुशीवर पड आणि मोज, दोन तासांत दहा वेळा तरी हलायला हवं. कमी वाटलं तर "दमलं असेल" म्हणून सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. डोकं सारखं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तरी तसंच. शिफ्ट चालू असली तरी उठायचं. रक्तदाब 140/90 च्या वर गेला तर तो दमल्यामुळे आहे, असं स्वतःच ठरवू नकोस. 108 ची रुग्णवाहिका मोफत येते. हा नंबर अमोलरावांच्या आणि सासूबाईंच्या तोंडपाठ असू दे.

दवाखान्याची बॅग 17 मार्चच्या आत भरून दाराशी ठेवू. आधार कार्ड, तपासणीची फाइल, रक्तगटाचा रिपोर्ट आणि विम्याचं कार्ड एका पिशवीत. कॅशलेससाठी आधी काय कागद लागतात, ते अमोलरावांना दवाखान्यात जाऊन विचारून यायला सांग. बाळाची जन्मनोंदणी 21 दिवसांत व्हायला हवी. ते काम माझ्याकडे.

आईची तयारी वेगळीच चालू आहे. तिने जुन्या सुती साड्या मऊ धुऊन त्यांची दुपटी शिवली आहेत. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं, असं तुझी आजी म्हणायची, आणि मला ते पटतं, नव्या कापडाची खळ त्या कातडीला सोसत नाही. झबली पातळ शिवली आहेत. एप्रिलातला नाशिकचा उन्हाळा पाहता बाळाला कुंची-टोपड्यात गुंडाळून ठेवायचं नाही, असं तिने ठरवलंय. नागलीचं सत्त्व तयार आहे, डिंक आणि हळीव रविवार कारंज्यावरून आणून ठेवलेत. लाडू मात्र बाळ झाल्यावरच. आणि एका गोष्टीवर आम्हा दोघांचं एकमत आहे, ते पाहुण्यांनाही सांगणार आहोत. बाळाला मध चाटवायचा नाही, गुटी नाही, वरचं पाणीही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावरचं दुखणं होऊ शकतं. जन्मल्यावर तासाभरात तुझं पहिलं दूध, पिवळसर चीक, तोच त्याच्या पोटात जायला हवा. कुणी तो पिळून टाकायला सांगितलं तर माझं नाव पुढे कर.

एक काम तुझ्याकडून हवंय. तुमच्याकडे पॅकिंगला ठेकेदाराच्या बायका आहेत. त्यांतली कुणी गरोदर असेल तर तिला विचार, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापतात का. ज्यांचा महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे त्या ईएसआयमध्ये येतात. त्यांनाही 26 आठवड्यांचा लाभ आहे, फक्त पैसे कंपनीऐवजी महामंडळ देतं. पुष्कळ जणींना हे ठाऊक नसतं आणि त्या गुपचूप काम सोडून जातात. कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर रविवारी माझ्याकडे पाठव.

येत्या रविवारी आम्ही दोघं जेलरोडला येतोय. दिंडोरीची द्राक्षं आणतो, तीन-चार पाण्यांनी नीट धुऊनच खा. तोवर अर्ज टाइप करून ठेव, मी वाचून पाहीन, सोमवारी आवकला जाऊ दे. अमोलरावांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझे,
बाबा