ताई, तुम्ही वाचून दाखवलंत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुमचे उपकार चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला मी अमेरिकेचा इतिहास शिकवतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आमच्या मुलांना ठाऊक असतं. त्यावरूनच एका मुलीनं विचारलं, “सर, जे सुटले ते स्वतः काय म्हणाले?” गाईडमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनची १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा आहे, गुलामगिरी बंद करणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती आहे. सुटलेल्या माणसाचा एक शब्द नाही.

मी बऱ्याच जणांना विचारलं. एका कार्यशाळेत फी भरून ऐकायला काय मिळालं, तर “सगळं गुगलवर आहे.” एका जाणत्या माणसानं लिंकांची भलीमोठी यादी धाडली, निम्म्या उघडेनात, उरलेल्या पैसे मागत. आणखी एक ज्येष्ठ म्हणाले, “परीक्षेला येत नाही ते कशाला शिकवता?” त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही.

शेवटी तुम्हाला विचारलं. तुम्ही तिकडे अमेरिकेतल्या शाळेत शिकवता, तुमची माझी ओळखही नव्हती. पण तुमचा पहिला प्रश्न होता, “मुलं नेमकी कुठे अडतात?”

लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाच्या साइटवर १९३६ ते १९३८ मध्ये नोंदवलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्यांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखती फुकट आहेत, हे तुम्ही दाखवलंत. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, तेव्हा म्हातारी माणसं काय बोलायला कचरली असतील तेही मुलांना विचारा, असं बजावलंत. पण ती बोलीतली इंग्रजी आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेरची. मग तुम्ही सकाळी शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघरातून व्हॉइस नोट पाठवू लागलात. एक ओळ सावकाश वाचायची, थांबायचं, मराठीत सांगायचं, पुढची ओळ. मागे कुकरची शिट्टी. “मुलांनो, थांबा हं,” म्हणून तुम्ही गॅस बंद केलात, तेव्हा अख्खा वर्ग खरंच थांबला होता!

गुलामीतून सुटलेल्या जॉर्डन अँडरसनचं १८६५ चं पत्र तुम्ही असंच ऐकवलंत. जुना मालक टेनेसीला परत बोलावतो आणि हा ओहायोतून उत्तर लिहवून घेतो: आधी थकलेली मजुरी द्या. माझी बत्तीस वर्षं, महिना २५ डॉलर. बायकोची वीस वर्षं, आठवड्याला २ डॉलर. एकूण ११,६८०. “जे सुटले ते काय म्हणाले” असं विचारणारी तीच मुलगी उठली, फळ्यावर गुणाकार मांडला. ९,६०० अधिक २,०८०. आकडा तंतोतंत जुळला. मागच्या बाकावरून दुसऱ्या एका मुलीचा आवाज आला, “सर, माझ्या आईच्या खुरपणीचा असा हिशेब मांडू का?”

ताई, मोठ्या पदावरची, मोठ्या नावाची माणसं मी पाहिली. अनोळखी पोरांसाठी भल्या सकाळी ओळ न् ओळ वाचून दाखवणारं माणूस विरळा. अशा माणसांच्या जिवावर खेड्यापाड्यातलं शिक्षण तगून आहे, असं मी मनापासून मानतो.

भारतात याल तेव्हा आमच्या वर्गावर नक्की या. मुलांना तुम्हाला पाहायचंय, आणि आईच्या मजुरीचा हिशेब ती मागच्या बाकावरची मुलगी तुम्हालाच दाखवणार आहे.

आपला कृतज्ञ,
इतिहासाचा एक शिक्षक