हिरड्याचा काढा आणि ॲसिडची टाकी

मा. संपादक,

झाडपाल्याच्या अर्कानं लोखंडाची झीज थांबते, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी खोटी नाही. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तो त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडल्यामुळे. हिरड्यात तर टॅनिन भरपूर. पण 'पर्यावरणपूरक' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी कुणीतरी प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याच्या, शेडमध्ये डोकवावं.

भोसरीत मी २२ वर्षं छोटं युनिट चालवलं. जस्त चढवण्याआधी बोल्ट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतात. ॲसिडनं गंज काढावा, खालचं लोखंड खाऊ नये, म्हणून त्यात इन्हिबिटर घालतात. लोखंड खाल्लं गेलं की हायड्रोजन सुटतो, त्याच्या बुडबुड्यांबरोबर ॲसिडच्या वाफा उडून शेडमध्ये ठसका लागतो, आणि कडक पोलादाचा बोल्ट ठिसूळ होतो. बाजारातली यातली काही रसायनं विषारी, म्हणून एकदा हिरड्याचा काढा घालून पाहिला. वाफा खरोखर कमी झाल्या. पण धुतल्यावरही बोल्टवर निळसर काळी झाक राहिली आणि वरचं जस्त नखानं सुटून आलं. जो थर ॲसिडला लोखंडापर्यंत पोचू देत नाही, तो नीट धुतला गेला नाही तर जस्तालाही धरू देत नाही! पिंपात उरलेल्या काढ्यावर चौथ्या दिवशी बुरशी आली, ती वेगळीच.

प्रयोगशाळेत बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं ताजं ॲसिड, घासून लखलखीत केलेली पट्टी आणि काही तासांची चाचणी असते. आमच्या टाकीत १२ ते १५ टक्के ॲसिड, त्यात महिनाभराचं विरघळलेलं लोखंड. शिवाय अर्क काढायला मिथेनॉलसारखं विषारी द्रावक वापरलं, तर हिरवेपणा उरला किती?

प्लेटिंगला अशा वस्तूंचं वावडं नाही. सरस, डिंक, ज्येष्ठमध हे जुन्या कारागिरांचे मसाले. निकेलच्या टाकीत आजही सॅकरिन पडतं. ते टिकलं, कारण त्याचं प्रत्येक पोतं सारखं निघतं. हिरडा मात्र दरसाल, दर रानाचा वेगळा. तेव्हा अर्कातलं टॅनिन मोजून, चालत्या टाकीत, पुढच्या जस्तासकट चाचणी व्हायला हवी.

शेजारच्या युनिटमधली एक जुनी टाकी रिकामी पडली आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना ती वापरू द्यायला मालक तयार आहेत. बोल्ट मी देईन.

– एक निवृत्त प्लेटर, भोसरी