नायजेरियाच्या पेट्रोलियम मंत्र्यांना खुलं पत्र: रिफायनरीचा हिशेब द्या

मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नोकरीसाठी पोर्ट हारकोर्टला राहणारा मराठी माणूस. इथला मतदार नाही, पण टॅक्स भरतो आणि इथलीच हवा खातो, म्हणून विचारतोय.

इथली सरकारी रिफायनरी दुरुस्त करायला 2021 मध्ये दीड अब्ज डॉलर मंजूर झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये मोठा गाजावाजा करून ती सुरू केलीत, आम्हीपण खूश झालो. मे 2025 मध्ये परत बंद, का तर म्हणे महिनाभर मेंटेनन्स. तो महिना केव्हाच उलटला. दीड अब्ज डॉलर गिळून सहा महिने चालते, याला दुरुस्ती म्हणायची?

आमचे हाल ऐका. लाईट नसते म्हणून जनरेटर, आणि एका पंपावरचं भेसळीचं पेट्रोल घालून तोही बसला, पोरगी रात्रभर घामाने तळमळते. सकाळी खिडकी पुसली की फडकं काळंकुट्ट, पोरीने नाक शिंकरलं तरी काळंच निघतं. खाडीतल्या चोरट्या तेलभट्ट्यांची ही काजळी 2016 पासून शहरावर पडतेय. 29 मे 2023 ला पेट्रोलवरची सबसिडी काढली, दोनशे नायराच्या (इथलं चलन) आतलं लिटरभर पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या वर गेलं, मग नायराच कोसळला, माझा पगार नायरात, आईच्या औषधाला गावी पाठवायचो ते पैसे आता निम्मेही उरत नाहीत. हे कोणाला सांगू?

आणि हे काही आजचं नाही. इथल्या नायजर डेल्टातल्या ओलोइबिरी गावाला तेल लागलं 1956 मध्ये. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आलं की याच डेल्टातल्या ओगोनी भागातल्या एका गावच्या विहिरींत बेंझिन हे कॅन्सर करणारं रसायन मर्यादेच्या 900 पट आहे, लोक तेच पाणी पीत होते. 2014 मध्ये सेंट्रल बँकेच्या गव्हर्नरने 20 अब्ज डॉलरचा हिशेब लागत नाही म्हटलं तर त्यालाच घरी बसवलं! तेलखातं तर बरेचदा राष्ट्राध्यक्षच स्वतःकडे ठेवतात, मग जाब विचारायचा कोणाला? सरकारला डॉलर जमिनीखालून मिळतो, जनतेच्या खिशातून नाही, म्हणून जनतेला उत्तर द्यायची सवयच लागत नाही. तेलावरच जगणाऱ्या इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकेतल्या देशातही तेच, राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला भ्रष्टाचाराच्या पैशासाठी 2017 मध्ये दोषी ठरवलं ते पॅरिसच्या कोर्टाने, घरच्या नाही.

मला एवढंच पाहिजे: कुठल्या कंत्राटदाराला कधी किती पैसे दिले आणि त्या सहा महिन्यांत पेट्रोल किती लिटर निघालं, हे छापून जाहीर करा. तोवर या रिफायनरीच्या नावाने एक डॉलरसुद्धा नवीन मंजूर करू नका.

आपला,
पोर्ट हारकोर्टचा एक रहिवासी