रविवारच्या कॉलसाठी एक गोष्ट

आई, बाबा,

ससा-कासव आणि चिऊ-काऊ दोन्ही आता बोअर झाले असं तुमच्या नातीने जाहीर केलंय, म्हणून बाबा, ही इथलीच एक गोष्ट पाठवतेय, रविवारी कॉलवर सांगा. आमच्या रॉचेस्टरचा हा सगळा भाग मूळचा सेनेका लोकांचा, म्हणजे इरोक्वॉय म्हणतात ना, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या त्या सहा जमातींपैकी एक. गाडीने अर्ध्या तासावर गनॉनडगन म्हणून त्यांचं जुनं गाव होतं, 1687 मध्ये फ्रेंचांच्या स्वारीत ते उद्ध्वस्त झालं, आता तिथे त्यांच्या पद्धतीचं लांबलचक घर पुन्हा बांधलंय. आणि आई, त्यांच्यात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जायचा, म्हणजे अख्खं गाव घरजावयांचं!

तर गोष्ट. एक अस्वल होतं, भलतंच फुशारक्या मारणारं. मोठमोठे ओंडके एका पंजाने उलटवायचं आणि म्हणायचं, मला जमत नाही असं जगात काही नाही. एका ओंडक्याजवळच्या बिळातून चिपमंक बाहेर आला (आपली खारच समजा, पण जरा गुबगुबीत, आणि तेव्हा पट्टेबिट्टे नव्हते, प्लेन तपकिरी) आणि म्हणाला, अस्वलदादा, उद्या सूर्याला थांबवून दाखवाल? अस्वल म्हणालं, हॅ, त्यात काय! मग रात्रभर दोघं पूर्वेकडे तोंड करून बसले. अस्वल गुरगुरतंय, "नाही उगवणार!" आणि हा चिरक्या आवाजात, "उगवणार, उगवणार!" इथे बाबा घाई करू नका, तिला हेच पुन्हा पुन्हा हवं असतं. शेवटी उजाडलं, रोजच्यासारखंच. चिपमंकला कुठलं गप्प बसवतंय, तो नाचला, चिडवलं, हसून हसून लोळला, आणि तेवढ्यात धप्पकन पाठीवर पंजा! आता खातोच तुला. चिपमंक म्हणाला, खा बाबा, पण आधी देवाचे आभार तरी मानू दे, पंजा इतका जड आहे की श्वासच घेता येत नाहीये, जरासा उचल ना. अस्वलाने एवढुस्सा उचलला आणि हा सुटला बिळाकडे, अस्वलाने झडप घातली पण नुसती नखं लागली, पाठीवर लांब ओरखडे उठले, तेच त्याचे पट्टे.

म्हणजे बघा, आपल्या खारीला पट्टे मिळाले ते सेतूला मदत केली म्हणून रामाने पाठीवरून बोटं फिरवली तेव्हा, आणि इथे हा बरोबर असूनही तोंड बंद ठेवलं नाही म्हणून. मला खरं तर हीच जास्त आवडते. रामाची पण सांगा, पण नंतर. आणि बाबा, तात्पर्य नको प्लीज, चूक कोणाची यावर तिला तुमच्याशी भांडू दे.

एक अट आहे, या गोष्टी फक्त थंडीत सांगायच्या. उन्हाळ्यात सांगितल्या तर मधमाशी ओठाला डसते म्हणे! अंगणात अजून बर्फ आहे, पण मार्च आलाच, तेव्हा पुढच्या रविवारवर ढकलू नका. तुमचे संध्याकाळचे सात, म्हणजे आमचे सकाळचे साडेआठ. आई, चिपमंक तू हो, बाबांचा आवाज अस्वलालाच सूट होतो.

तुमची,
ताई